दोष उत्पादकाचा, भुर्दंड चालकाचा

गेल्या साडेपाच महिन्यांत प्रस्तुत लेखकाच्या हाती एक पत्र आणि नऊ लघुसंदेश आले. पत्र मोटार उत्पादक कंपनीचे होते. आपल्या विजेवरील मोटारीत ब्रेकला बळ पुरवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग सदोष असण्याचा संभव आहे, सबब या काळात तयार झालेल्या सर्व गाड्या परत बोलावण्यात येत असून सदर भाग विनामूल्य बदलून दिला जाईल, असा त्याचा मजकूर होता. पत्र वाचून समाधान वाटले. चूक मान्य करून ती स्वखर्चाने दुरुस्त करणारा उत्पादक ही आपल्या देशात नित्य आढळणारी गोष्ट नव्हे. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन सर्व्हिस सेंटर गाठले, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने नम्रपणे सांगितले की भाग अजून आलेला नाही. आला की कळवू. त्यानंतरचे नऊ लघुसंदेश त्याच एका वाक्याचे पाठभेद आहेत. गाडी सदोष आहे हे कंपनीला मान्य, मालकाला ज्ञात, सरकारदप्तरी नोंदलेले. आणि तरीही ती जशीच्या तशी दारात उभी आहे.

समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर मोटारमालकाची कैफियत कशासाठी, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. तो रास्त आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या प्राध्यापकाची गाडी सहा महिने दारात उभी राहिली, तर समाजाचे फारसे बिघडत नाही. प्रस्तुत लेखकाने पत्र आल्यापासून बसचा पास काढला आहे आणि त्यात प्रकृतीला झाला तर लाभच झाला आहे. परंतु ही कैफियत त्याची नाही. ती त्याच्या शेजारच्या चाळीत राहणाऱ्या एका चालकाची आहे.

हे गृहस्थ पंधरा वर्षे रिक्षा चालवीत होते. अडीच वर्षांपूर्वी त्यांनी रिक्षा विकली, पत्नीचे दागिने गहाण टाकले, उरलेल्या रकमेचे कर्ज काढले आणि विजेवरची मोटार घेऊन ती ॲपवरच्या टॅक्सीला लावली. पेट्रोलचा खर्च वाचतो आणि सरकारही उत्तेजन देते, हे त्यांनी चारचौघांकडून ऐकले होते व ते खोटे नव्हते. त्यांची गाडी नेमकी त्याच बनावटीची, त्याच काळातली. त्यांनाही तेच पत्र आले. ते घेऊन ते लेखकाकडे आले. गाडी चालवू नका, असे त्यांना सांगितल्यावर ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही गाडी घरी ठेवलीत, बरं केलंत. पण माझा हप्ता पाच तारखेला असतो. कंपनीच्या पत्रात हप्त्याचं काही लिहिलंय का, तेवढं बघून सांगा."

पत्र पुन्हा वाचले. हप्त्याचा उल्लेख त्यात नव्हता. किती दिवसांत दुरुस्ती होईल हेही नव्हते. तोवर गाडी चालवावी की चालवू नये, याविषयी फक्त "योग्य ती खबरदारी घ्यावी" एवढेच होते. ते गृहस्थ आजही दिवसाला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी चालवतात. आठवड्यातून दोनतीनदा भाडे घेऊन खंबाटकी घाट ओलांडतात.

या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येण्यासाठी विजेवरच्या मोटारीचा ब्रेक कसा चालतो, हे थोडे समजून घेतले पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत चालकाच्या पायाला जी मदत मिळते, ती सामान्यतः इंजिनाच्या शोषणातून निर्माण होणाऱ्या निर्वाताची असते. विजेच्या गाडीला इंजिनच नसल्यामुळे ही मदत वेगळ्या विद्युत् यंत्राकडून घ्यावी लागते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हे काम एक मोटर, काही संवेदक आणि संगणकीय आज्ञावली मिळून करतात. शिवाय गाडी मंदावताना चाकांची गती वापरून बॅटरीत पुन्हा वीज भरण्याची सोय असते. त्यामुळे चालकाने पाय उचलला तरी गाडी बरीचशी आपोआप मंदावते आणि मूळ ब्रेकचा वापर कमी होतो. बॅटरी पूर्ण भरलेली असताना मात्र या सोयीचा जोर घटतो. म्हणजे घाटमाथ्यावर गाडी पूर्ण चार्ज करून उतरणाऱ्या चालकाला मूळ ब्रेकचाच आधार घ्यावा लागतो. त्या ब्रेकला बळ देणारे यंत्र ऐन वेळी बंद पडले तर ब्रेक पूर्णपणे जात नाही, पण तो लागण्यासाठी पाय कितीतरी अधिक जोराने दाबावा लागतो आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. त्यात बॅटरीच्या भारामुळे ही गाडी तिच्याएवढ्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा काही शे किलोंनी जड असते. समोर रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर हे जादा अंतर म्हणजे काय याचे गणित मांडण्याची आवश्यकता नाही.

हा दोष कोण्या एका कंपनीचा किंवा एका देशाचा नाही, हेही नमूद केले पाहिजे. थंडीत ब्रेकच्या साहाय्यक यंत्रातील एक रिले गोठण्याचा संभव आढळल्यामुळे २०१६ साली निसान कंपनीने अमेरिकेत सुमारे ४७ हजार 'लीफ' मोटारी परत बोलावल्या. पुढच्या ब्रेकच्या नळ्यांना तडे जाऊन तेल गळू शकते म्हणून २०२४ साली पोर्शे कंपनीला 'टायकॅन' या विजेवरच्या मोटारीच्या जगभरातील सुमारे दीड लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात कॉन्टिनेंटल या पुरवठादाराने बनवलेल्या ब्रेक यंत्रणेतील दोषामुळे बीएमडब्ल्यूच्या सुमारे १५ लाख गाड्या या फेऱ्यात सापडल्या. त्यांत पेट्रोल-डिझेलच्या होत्या तशा विजेच्याही होत्या. नवे तंत्रज्ञान येते तेव्हा त्याबरोबर नवे दोष येतात. ते मान्य करून गाड्या परत बोलावल्या जातात, ही तर यंत्रणा जागी असल्याची खूण आहे. विजेच्या वाहनांविरुद्ध ओरड करण्याचा आमचा हेतू नाही. शहरांची हवा आणि तेलाच्या आयातीचा बोजा पाहता ती वाहने हवीत.

परंतु बीएमडब्ल्यूच्या प्रकरणातील एका तपशिलाकडे वाचकांचे लक्ष वेधले पाहिजे. त्या १५ लाखांपैकी सुमारे ३ लाख २० हजार गाड्या तोवर ग्राहकांच्या हाती पडलेल्या नव्हत्या. त्यांचे वितरण कंपनीने थांबवले. हे योग्यच झाले. उरलेल्या सुमारे १२ लाख गाड्या लोकांच्या ताब्यात होत्या आणि त्या रस्त्यावर धावत राहिल्या. व्यवहाराची ही रीत जगात सर्वत्र दिसते. न विकलेली गाडी थांबते, कारण तिच्यातून उद्भवणारी जबाबदारी अद्याप कंपनीच्या खात्यावर असते. विकलेली गाडी धावते, कारण ती थांबवण्याचा खर्च आता दुसऱ्याचा झालेला असतो. दोष दोन्हींत तोच असतो.

अर्थशास्त्रात या गोष्टीला नाव आहे. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर एक ग्रंथ लिहिला. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाच्या हिशेबवहीत येत नाही, तो नाहीसा होत नाही. तो कामगारावर, शेजाऱ्यावर किंवा एकूण समाजावर ढकलला जातो, हा त्या ग्रंथाचा गाभा. कारखान्याचा धूर आणि नदीत सोडलेले पाणी ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत. दुरुस्तीची प्रतीक्षा हाही तसाच ढकललेला खर्च आहे. भाग बदलण्याचा खर्च कंपनी सोसते आणि त्याची जाहिरातही करते. पण भाग येईपर्यंतचे दिवस, बुडालेली भाडी, न चुकणारा हप्ता, आणि गाडी चालवलीच तर जिवाचा धोका, यांची नोंद कंपनीच्या कोणत्याही वहीत होत नाही. म्हणूनच भाग लवकर तयार करण्याची घाई कंपनीला नसते. जादा पाळी चालवून, दुसरा पुरवठादार शोधून, विमानाने माल आणून हे काम सहा महिन्यांऐवजी सहा आठवड्यांत होऊ शकते. पण त्याला पैसा लागतो. थांबणे कंपनीला फुकट पडत असेल, तर ती हा पैसा का खर्च करील? व्यवस्थापक दुष्ट असण्याची येथे मुळीच गरज नाही. तो आपला हिशेब चोख करतो एवढेच.

हा खर्च कोणी सोसावा हे निसर्गनियमाने ठरत नाही; ते कायद्याने ठरते. या बाबतीत अमेरिकेचा इतिहास बोधप्रद आहे. तो देश समाजवादाचे माहेरघर नव्हे, म्हणून तर अधिकच. राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटार उद्योगाच्या बेफिकिरीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली आणि १९६६ साली तेथे वाहन सुरक्षिततेचा कायदा झाला. त्या कायद्याने उत्पादकावर फक्त दोष कळवण्याचे बंधन घातले होते. दुरुस्ती फुकट करून देण्याचे नव्हते. ते बंधन १९७४ च्या दुरुस्तीने आले. पुढे आणखी एक पायरी आहे. दुरुस्तीसाठी गाडी आणून दिल्यावर ६० दिवसांच्या आत ती नीट झाली नाही, तर वाजवी मुदत उलटली असे सकृद्दर्शनी मानले जाते, आणि मग उत्पादकाला गाडी बदलून द्यावी लागते किंवा घसारा वजा जाता तिची किंमत परत करावी लागते, अशी तरतूद त्या देशाच्या कायद्यात आहे. आधी कळवा, मग फुकट दुरुस्त करा, आणि ठरल्या मुदतीत करा, अशा या तीन पायऱ्या आहेत. यांतली प्रत्येक पायरी उद्योगाच्या विरोधाला तोंड देत लोकमताच्या रेट्याने चढावी लागली.

आपण कोठे आहोत? २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची एक संहिता स्वीकारली. कायद्याची तरतूद त्यानंतर सात वर्षांनी, २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने आली आणि १ एप्रिल २०२१ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. या अधिनियमाने घातलेले ११०-अ हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचण्यासारखे आहे. वाहनातील दोषामुळे चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला हानी पोहोचण्याचा संभव असेल आणि ठरावीक प्रमाणात मालकांनी तो दोष कळवला असेल, किंवा तपासणी संस्थेच्या अहवालातून वा अन्य मार्गाने तो उघड झाला असेल, तर केंद्र सरकार त्या वाहनांना परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या गाड्यांत बसवला आहे त्या सर्व, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, परत बोलावता येतात. अशा वेळी उत्पादकाने खरेदीदाराला पूर्ण किंमत परत द्यावी, किंवा गाडी बदलून द्यावी, किंवा दुरुस्त करून द्यावी, असे कलम सांगते. आणि उत्पादकाने दोष आपण होऊन कळवला, तर त्याला दंड होत नाही.

कायद्याची पहिली आणि दुसरी पायरी यात आहे, हे मान्य केले पाहिजे. तिसरी नाही. किंमत परत, बदली किंवा दुरुस्ती या तीन पर्यायांमध्ये दोन वेळा "किंवा" येते आणि ते "किंवा" उत्पादकाच्या सोयीचे आहे; अर्थातच तो सर्वांत स्वस्त पर्याय निवडतो. इतक्या दिवसांत दुरुस्ती न झाल्यास खरेदीदाराला पुढच्या पर्यायाचा हक्क प्राप्त होईल, असा दिवसांचा आकडा कलमाच्या शब्दांत कोठेही नाही. २०२२ साली विजेवरच्या स्कूटरींना आगी लागण्याचे प्रकार घडले, तेव्हा काही कंपन्यांनी हजारो स्कूटरी स्वेच्छेने परत बोलावल्या आणि आपल्या दक्षतेबद्दल शाबासकीही मिळवली. परत बोलावल्याची बातमी पहिल्या पानावर येते. दुरुस्ती कधी पूर्ण झाली, ही बातमी कोठेच येत नाही.

यावर उद्योगाच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातील. दोन्हींत तथ्य आहे, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की टंचाई खरी असते. एकाच पुरवठादाराकडून भाग येतात, लाखभर भाग एका रात्रीत तयार होत नाहीत, कायद्याने मुदत घातली म्हणून कारखान्याची क्षमता वाढत नाही. हे खरे आहे. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांचे प्रकरण याची साक्ष देते. अमेरिकेतच सुमारे पावणेसात कोटी एअरबॅग-यंत्रे बदलायची होती आणि ६० दिवसांचा नियम असूनही लोकांना दीर्घकाळ थांबावे लागले. पण त्या प्रकरणात तेथील शासनाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात दुरुस्तीचा क्रम उत्पादकांच्या मर्जीवर न सोडता शासनाच्या नियामकाने तो आपल्या आदेशाने ठरवला. उष्ण व दमट हवेत आणि जुन्या गाड्यांत स्फोटाचा धोका अधिक होता. म्हणून त्या प्रदेशांना आणि त्या गाड्यांना अग्रक्रम मिळाला. टंचाई असते तेव्हा रांग लागणारच. रांगेत पुढे कोण उभे राहील, हा प्रश्न मात्र तांत्रिक नाही. ज्यांनी रेशनच्या दुकानासमोर रांगा पाहिल्या आणि त्या रांगांच्या न्यायासाठी लढे दिले, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

आपल्या शहरातील सर्व्हिस सेंटरमध्ये आज ही रांग कशी लागते? ज्याची ओळख आहे, जो मोठ्या आवाजात बोलू शकतो, ज्याच्या नावावर कंपनीच्या तीन गाड्या आहेत, तो पुढे जातो. चौकशीसाठी अर्धा दिवस गेला की अर्ध्या दिवसाचे भाडे बुडते, तो चालक मागे राहतो. धोक्याच्या निकषावर विचार केला तर हा क्रम नेमका उलटा हवा. महिन्याला सहा हजार किलोमीटर धावणारी टॅक्सी महिन्याला चारशे किलोमीटर धावणाऱ्या प्राध्यापकाच्या गाडीपेक्षा पंधरापट अधिक काळ रस्त्यावर असते आणि तिच्यात रोज नवे प्रवासी बसतात. पहिला भाग तिला मिळाला पाहिजे. प्रस्तुत लेखकाचा क्रमांक शेवटी लागला तरी त्याची तक्रार असणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. मुदतीचे आणि भरपाईचे ओझे लादले, तर कंपन्या दोष कबूलच करणार नाहीत, दडवून ठेवतील. स्वेच्छेने दोष कळवणाऱ्याला दंडातून सूट आहे ती याच कारणासाठी. ही सूट आम्हालाही योग्य वाटते. परंतु दंड आणि भरपाई या भिन्न गोष्टी आहेत. दंड ही अपराधाची शिक्षा आहे आणि ती सरकारच्या तिजोरीत जाते. प्रतीक्षेच्या काळात पर्यायी गाडी देणे, किंवा चालकाची बुडालेली रोजची कमाई भरून देणे, ही शिक्षा नव्हे. ज्याच्या मालामुळे खर्च उद्भवला त्याच्या वहीत तो खर्च नोंदवणे आहे. प्रामाणिकपणे चूक कबूल करणाऱ्या माणसाला आपण चोर म्हणत नाही, पण त्याच्या हातून फुटलेल्या भांड्याची किंमत तो देतोच. आणि दोष दडवणाऱ्यासाठी दंडाचे कलम आहेच. ते कठोरपणे वापरावे.

आणखी एक मुद्दा सार्वजनिक पैशाचा आहे. विजेच्या मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मधील फेररचनेनंतर पेट्रोलच्या लहान मोटारीवर तो १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के आहे. हा फरक म्हणजे समाजाने या उद्योगाला दिलेली सवलत होय. ती द्यावी, पण सवलत देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो. शेतकऱ्याला पीककर्ज देताना सात-बारापासून जामिनापर्यंत सारे मागणारे शासन मोटार उद्योगाला सवलत देताना एवढेही विचारणार नसेल की सदोष ब्रेक किती दिवसांत बदलाल, तर तिला उत्तेजन म्हणता येणार नाही. ती केवळ खैरात ठरेल.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. ब्रेक, सुकाणू आणि बॅटरी यांतील दोषांसाठी दुरुस्तीची मुदत कायद्यात आकड्याने लिहावी आणि ती उलटताच बदली किंवा परतावा यांतील निवड खरेदीदाराची असावी. दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावी की नाही, हे उत्पादकाने एका वाक्यात, संदिग्धता न ठेवता सांगावे. "चालवू नका" असे उत्तर असेल, तर पर्यायी वाहन किंवा दैनिक भरपाई त्याने द्यावी आणि तेवढ्या काळाचे हप्ते बँकेने पुढे ढकलावेत. भागांच्या टंचाईत दुरुस्तीचा क्रम धोक्यानुसार, प्रवासी वाहनांना अग्रक्रम देऊन शासनाने ठरवावा. आणि किती गाड्या परत बोलावल्या, त्यांपैकी किती प्रत्यक्षात दुरुस्त झाल्या, हा आकडा प्रत्येक कंपनीने दर महिन्याला जाहीर करावा. यांतली कोणतीही मागणी क्रांतिकारक नाही. बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशातही यांतल्या काही गोष्टी कायद्याने मान्य झालेल्या आहेत.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. आहे त्या कायद्यात बरेच काही करता येते आणि ते चालकांपर्यंत पोहोचवणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही. त्यामुळे टॅक्सीवाल्याला या कायद्याचा उपयोग नाही असा समज सर्वत्र आहे आणि सर्व्हिस सेंटरमधून तो पसरवलाही जातो. तो चुकीचा आहे. स्वतः राबून केवळ उपजीविकेसाठी ज्याने वस्तू घेतली तो ग्राहकच आहे, असे कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असो की चेन्नईत. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरेसा आहे आणि १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर नोंद करणे ही त्याआधीची साधी पायरी आहे.

त्यासाठी कागद हवेत. सर्व्हिस सेंटरने तोंडी दिलेले उत्तर लेखी मागावे. "भाग उपलब्ध नाही" हे वाक्य तारखेसह आणि चासी क्रमांकासह कागदावर आले पाहिजे. गाडी या अवस्थेत चालवणे सुरक्षित आहे काय, असा थेट प्रश्न कंपनीला लेखी विचारावा. उत्तर आले तर ते उपयोगी, न आले तर तेही उपयोगी. डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला किंवा पेडल कडक झाले, तर त्याचे छायाचित्र आणि तारीख जपून ठेवावी व गाडी तेथेच थांबवावी. पाय उचलताच गाडी मंदावते या भरवशावर राहू नये. पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेवावे. आणि गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर पत्र पहिल्या मालकाकडे गेलेले असण्याचा संभव आहे, म्हणून चासी क्रमांक सांगून स्वतः चौकशी करावी.

एकेकट्या माणसाने हे सारे करणे अवघड आहे. त्यासाठीच संघटना असते. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या अनुमतीने एकत्र तक्रार करता येते. शिवाय ११०-अ कलमात सरकारने हालचाल करण्यासाठी मालकांच्या तक्रारींचे प्रमाण मोजले जाते, म्हणजे येथे संख्येला कायद्यानेच महत्त्व दिले आहे. ॲपवरच्या टॅक्सीचालकांच्या ज्या संघटना आहेत, त्यांच्या सभांत भाड्याच्या दराबरोबर हाही विषय घ्यावा. महाराष्ट्राला हा वारसा नवा नाही. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासह हजारो स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा तेल आणि रॉकेल हे घरगुती प्रश्न आहेत, राजकीय नव्हेत, असे म्हणणारे पुष्कळ होते. ग्राहक पंचायतीची चळवळही त्याच दशकात येथे रुजली. वस्तू विकत घेणारा माणूस आणि श्रम विकणारा माणूस हे दोघे वेगळे नाहीत, हे त्या पिढीने ओळखले होते. शेजारच्या चाळीतल्या चालकाच्या बाबतीत तर ते एकाच आसनावर बसलेले आहेत.

हा मजकूर लिहून झाला त्या दिवशी दहावा लघुसंदेश आला. भाग पुढील महिन्यात अपेक्षित आहे. लेखकाने त्या गृहस्थांना तो दाखवला. त्यांनाही तो आला होता. त्यांची लेखी तक्रार आता तयार आहे. त्यांच्याच बनावटीच्या गाड्या चालवणाऱ्या आणखी चौदा जणांच्या सह्या त्यांनी स्वतः फिरून गोळा केल्या आहेत. पुढच्या सोमवारी ते जिल्हा आयोगाच्या कचेरीत जाणार आहेत. त्या दिवशीचे भाडे बुडेल, याची त्यांना कल्पना आहे.